पडद्यावरचा श्रीगणेशा : मुलांसाठी मराठीचे साहित्य कसे मांडावे



आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी आम्ही काही पालक मिळून अक्षरकार्डे, सरावाचे तक्ते आणि संगणकावरचे छोटे खेळ तयार करतो. आमच्यापैकी कोणीही व्यवसायाने चित्रकार नाही. कोणी बँकेत आहे, कोणी प्रयोगशाळेत, कोणी घर सांभाळते. चुकत-माकत जे शिकलो ते एका जागी लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या गावातल्या शाळांना आणि घरच्या घरी शिकवणाऱ्या आई-बाबांना तेच खड्डे टाळता येतील, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात एका फजितीपासून करतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या आजीचे हाताने लिहिलेले पत्र आले. मुलगी हुशार, सगळी कार्डे धडाधड वाचणारी. पत्रात पहिल्याच ओळीत 'लाडके' असा शब्द होता आणि तिथेच ती अडली. "हे कुठलं अक्षर?" असे तिने विचारले, तेव्हा आम्हालाही आधी कळेना. मग कार्डे काढून पाहिली. आमच्या कार्डांवरचा 'ल' उजवीकडे उभी दंडी असलेला, हिंदी वळणाचा होता. आजीचा 'ल' दोन पाकळ्यांचा, मराठी शाळेत गिरवलेला. चूक मुलीची नव्हती, आमच्या कार्डांची होती.

पुण्यात किंवा नाशिकमध्ये वाढणारे मूल शाळेत जाण्याआधीच हजारो मराठी अक्षरे पाहते. दुकानांच्या पाट्या, एसटीवरचे गावाचे नाव, भिंतीवरचे कॅलेंडर, वाण्याने पुडी बांधलेला वर्तमानपत्राचा कागद. एका ठिकाणचे अक्षर वाकडे असले तरी दहा ठिकाणची सरळ अक्षरे ते सावरून घेतात. इथे अमेरिकेत आपल्या मुलांना हे काहीच मिळत नाही. आपण दिलेला कागद आणि आपण उघडून दिलेला पडदा एवढेच त्यांचे मराठीचे जग. त्यामुळे आपल्या तक्त्यावरची चूक तक्त्यापुरती राहत नाही, मुलाच्या मनातली मराठी लिपीच तशी होऊन बसते. मांडणी म्हणजे सजावट नव्हे, तो धड्याचाच भाग आहे, हे आम्ही त्या पत्रापासून शिकलो.

१. आपले अक्षर टांगलेले असते

इंग्रजी अक्षर रेघेवर उभे राहते. मराठी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण बाजारात मिळणारे किंवा तयार उतरवून घेतलेले सरावाचे कागद बहुतेक इंग्रजीसाठी आखलेले असतात. त्यांत खालची रेघ ठळक आणि मधली तुटक असते. अशा कागदावर मूल मराठी लिहू लागले की अक्षरे खालच्या रेघेवर बसवायला बघते, वरची शिरोरेषा डुगडुगते आणि उकाराला जागाच उरत नाही.

आपल्याकडे मराठीसाठी दुरेघी वही आणि इंग्रजीसाठी चाररेघी वही वापरायचो, ते आठवत असेल. तेच तत्त्व इथे लावावे. सरावाचा कागद आखताना वरची रेघ ठळक ठेवावी, अक्षराच्या तळाची रेघ फिकट, आणि वेलांटी-मात्रांसाठी वर व उकारांसाठी खाली पुरेशी मोकळी जागा सोडावी. गिरवण्यासाठी बाण काढायचे तर अक्षराचे अंग आधी, उभी दंडी नंतर आणि शिरोरेषा शेवटी, असा क्रम आम्ही ठेवतो. शब्द लिहिताना शिरोरेषा पूर्ण शब्दावर एकदाच ओढायची, म्हणजे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे मुलाला आपोआप कळते.

२. फॉन्ट निवडताना

आधी थोडा इतिहास. एक काळ असा होता की मराठी लिहिण्यासाठी प्रत्येक जण वेगळा फॉन्ट वापरी. त्या जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले असत. फॉन्ट जवळ असेल तर मराठी, नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निव्वळ चिवडा! आमच्या शाळेचे सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी तक्ते असेच वाया गेले. फाइली आहेत, पण वाचता येत नाहीत.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या हक्काची जागा मिळाली. सर्वसामान्य घरांत ती पोचली ती विंडोज २००० बरोबर आलेल्या 'मंगल' या फॉन्टमुळे. हा फॉन्ट मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटला. सुलेखनकार, कवी आणि आय. आय. टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक असलेले जोशी सर २००८ मध्ये गेले. आज आपण फोनवर सहज मराठी लिहितो त्यामागे अशा माणसांची मेहनत आहे. तेव्हा पहिला नियम असा की साहित्य युनिकोडमध्येच तयार करावे. जुने तक्ते असतील तर ते परत टंकून घ्यावेत. एकदा त्रास होईल, पण पुढच्या पिढीतल्या शिक्षकांना ते उघडता येतील.

दुसरा नियम मराठी वळणाचा. 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठीत आणि हिंदीत वेगळी काढतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित करणारा निर्णय काढला, २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. दोन्हींत मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श'चा आग्रह आहे. काही फॉन्टमध्ये ५ आणि ८ हे अंकही उत्तरेकडच्या वळणाचे असतात, तेही तपासून घ्यावेत.

मग कोणता फॉन्ट घ्यावा? 'टिरो देवनागरी' हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपांत मिळतो. त्यातले 'टिरो देवनागरी मराठी' घेतले की अक्षरे आपल्या वळणाची येतात. गोष्टीच्या मजकुराला तो छान शोभतो. 'मुक्त' आणि 'बालू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे फॉन्ट. पैकी 'मुक्त' साधा व स्वच्छ, तर 'बालू' गुबगुबीत, मथळ्यांना आणि खेळांना बरा. हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात आणि त्यांचा परवाना खुला असल्याने छापायला, वाटायला अडचण नाही. कुठलाही घ्या, पण 'ल' आणि 'श' डोळ्यांनी पाहून मगच ठरवा. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तरच मराठी वळण दिसते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मंडळींनी पानाच्या कोडमध्ये भाषेची 'एम-आर' ही खूण घालायला विसरू नये. हिंदीची 'एच-आय' ही खूण राहिली तर हिंदी वळण येऊ शकते.

तिसरी गोष्ट सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ड-ङ, आणि 'ख' व 'रव'. नवा फॉन्ट निवडताना ही सगळी अक्षरे बारीक आकारात एका ओळीत टंकून पाहा आणि हात लांब करून वाचा. घ आणि ध आपल्यालाच ओळखू येत नसतील तर सहा वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा करणार? नक्षीदार, लग्नपत्रिकेत शोभणारे फॉन्ट कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी ठेवावेत, अक्षरओळखीसाठी नकोत.

३. आकार आणि अंतर

इंग्रजी आणि मराठी एकाच मापात टंकले की मराठी बारीक दिसते, कारण त्याच उंचीत मात्रा, वेलांट्या आणि उकारही मावायचे असतात. म्हणून दोन्ही भाषा शेजारी असतील तर मराठीचे माप सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढवावे. लहान मुलांच्या छापील तक्त्यांत आम्ही २८ पॉइंटच्या खाली जात नाही. वाचू लागलेल्या मुलांसाठी १८ ते २० पुरतात.

ओळींमधले अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फॉन्टच्या मापाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवावे. अक्षरांमधले अंतर मात्र वाढवू नये. इंग्रजी मथळ्यांत अक्षरे पसरून लिहिण्याची पद्धत आहे, पण मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे चार तुकडे दिसतात. जागा भरायची असेल तर अक्षर मोठे करावे किंवा शब्दांमधले अंतर वाढवावे.

तिरकी अक्षरेही टाळावीत. मराठीत ती परंपरा नाही. संगणक नुसते अक्षर ढकलून वाकडे करतो आणि उभी दंडी तिरकी झाली की नवख्या वाचकाचा गोंधळ उडतो. मोठी लिपी-छोटी लिपी असा प्रकारही आपल्याकडे नाही. एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर तो ठळक करावा किंवा त्याचा रंग बदलावा. दोन्हींपैकी एकच करावे.

४. 'र'ची परीक्षा

मराठी मजकूर कुठल्याही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी ते मराठी नीट बसवते का, हे पाहावे. काही सॉफ्टवेअरमध्ये, विशेषतः जुन्या आवृत्त्यांमध्ये, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. फोटोशॉप, इलस्ट्रेटर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांसाठीची मजकूर-मांडणी 'प्रेफरन्सेस'मधून चालू करावी लागू शकते. तेवढे केले की पुष्कळदा प्रश्न सुटतो.

तपासणीसाठी आमच्याकडे एक ठरलेली ओळ आहे. कुठलेही नवे साधन हाती आले की आधी ही ओळ टंकतो :

किती, विद्यार्थ्यांनी, चक्र, राष्ट्र, पर्वत, दऱ्या, कुऱ्हाड, हृदय, ज्ञान, क्षण, शृंगार, श्रावण, रुपया, रूप, बाळ, ॲप, ऑफिस.

यातला 'विद्यार्थ्यांनी' हा एकच शब्द अर्धे काम करतो. जोडाक्षर, रफार, काना, अनुस्वार आणि वेलांटी असे सगळे त्यात आहे. तो नीट उमटला तर बरेचसे निभावते.

'र'कडे जास्त लक्ष द्यावे लागते, कारण त्याची जोडरूपे चार : पर्वतातला रफार, चक्रातली तिरकी रेघ, राष्ट्रातले खालचे टोपण आणि दऱ्यांतला अर्धचंद्रासारखा र. हा शेवटचा खास आपला, हिंदीत तो सापडणार नाही, आणि नेमका तोच टंकताना बिघडतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावले तर जेवण! आमच्या एका तक्त्यात डोंगराच्या चित्राखाली 'दर्या' छापले गेले होते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. युनिकोडमध्ये या रूपासाठी 'ऱ' हे वेगळे अक्षर आहे. त्याला हलन्त देऊन पुढचे अक्षर टंकले की झाले.

'ॲ' हे अक्षरही असेच. ते युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. तसा दिसला तर नवा फॉन्ट घ्यावा. 'अ‍ॅ' असे जोडून काढलेले रूप दिसायला जवळपास सारखेच असते, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. शब्द भरण्याच्या खेळात मुलाने बरोबर लिहूनही 'चूक' असे उत्तर येण्याचे हे एक कारण आहे. सगळ्या साहित्यात एकच रूप वापरावे.

५. रंग

बाराखडी शिकवताना मात्रा वेगळ्या रंगात दाखवावी असे प्रत्येक शिक्षकाला वाटते. कल्पना चांगली आहे, पण संकेतस्थळावर अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये रंगाचा कोड घातला की अनेकदा ती जोडी तुटते आणि मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. मुलाला ते वर्तुळ अक्षराचाच भाग वाटते. उपाय दोन. एक तर 'कि' हे पूर्ण अक्षर एकाच रंगात रंगवावे. मराठीत उच्चाराचा आणि वाचनाचा तुकडा तोच आहे, त्यामुळे शिकवण्याच्या दृष्टीनेही ते योग्यच. नाही तर मजकूर आधी चित्र-सॉफ्टवेअरमध्ये नीट टंकून, त्याची बाह्यरेषा करून, मग वेलांटी रंगवावी आणि ते चित्र म्हणून वापरावे. असे केले तर चित्राच्या वर्णनात तो शब्द युनिकोडमध्ये जरूर लिहावा, म्हणजे शोधताना सापडेल आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनालाही वाचता येईल.

भगव्याचा मोह आपल्या सर्वांनाच आहे. पण पांढऱ्यावर भगवी किंवा पिवळी अक्षरे वाचायला त्रास होतो. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा फरक मागितलेला आहे. भगवे-पांढरे त्यात बसत नाही. भगवा काठाला, मथळ्यामागच्या पट्टीला वापरावा आणि अक्षरे काळी किंवा गडद निळी ठेवावीत. बरोबर-चूक दाखवताना केवळ हिरवा आणि लाल रंग वापरू नये. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. सोबत खूण किंवा फुली असावी.

वारली चित्रांविषयी एक शब्द. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे ही पालघर-ठाणे भागातल्या आदिवासींची कला जगभर पोचली आणि मराठी मंडळांच्या पत्रिकांवरही आली. ती जरूर वापरावी, ती कोणाची आहे हेही मुलांना सांगावे. पण ती पानाच्या कडेला असावी. अक्षरांच्या मागे बारीक त्रिकोण आणि वर्तुळे नाचू लागली की कुठला अनुस्वार आणि कुठला वारलीचा ठिपका हे कळेनासे होते.

६. चित्र कोणते?

आपण 'ऐ ऐरणीचा, औ औताचा' असे शिकलो. ही चित्रे वाईट नव्हेत, पण इथल्या मुलाला ऐरण म्हणजे काय आणि 'ऐ' म्हणजे काय या दोन अनोळखी गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. अक्षर नवे असेल तर वस्तू ओळखीची असावी, हे साधे सूत्र आम्ही धरले आहे.

त्यासाठी इंग्रजी शब्दच घ्यावे लागतात असे मात्र नाही. मुलांच्या आसपास बघा. अंगणात खारी पळतात, तर 'ख खारीचा'. ऑक्टोबरात दारोदार भोपळे मांडलेले असतात, तर 'भ भोपळ्याचा'. हिवाळ्यात 'ब बर्फाचा'. मागच्या अंगणात हरीण येते, 'ह हरणाचा'. वस्तू इथली आणि शब्द आपला, म्हणजे मराठी ही केवळ आजी-आजोबांच्या गावाची भाषा राहत नाही, खिडकीबाहेर दिसते त्याचीही होते. ऐरण आणि औत आम्ही टाकून दिलेले नाहीत. लोहाराची आणि शेतकऱ्याची गोष्ट येते तेव्हा ते चित्रासकट भेटतात, आणि तेव्हा मुलांना अक्षर आधीच येत असते.

चित्राला एकच नाव असावे. वाटीचे चित्र दाखवले तर एक मूल 'वाटी' म्हणते, दुसरे 'भांडं', तिसरे 'वाडगा'. कोणीच चुकलेले नसते, पण 'व' काही शिकवला जात नाही. घराघरांतली बोलीही लक्षात घ्यावी. पेरूचे चित्र पाहून विदर्भातल्या घरातले मूल 'जाम' म्हणेल. त्याला 'चूक' म्हणू नये. खेळात दोन्ही उत्तरे चालतील अशी सोय ठेवावी, किंवा तिथे दुसरे चित्र घ्यावे. 'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. म्हणून बाण, बाळ, नळ असे शब्द घेऊन शेवटचे अक्षर वेगळ्या रंगात दाखवावे.

तयार चित्रसंग्रहातली 'भारतीय' चित्रे डोळे उघडे ठेवून घ्यावीत. पुरणपोळी म्हणून पराठा आणि नऊवारी म्हणून भलतीच साडी आमच्याही तक्त्यांत येऊन गेली आहे. पालकांपैकी कोणी स्वतःच्या स्वयंपाकघरात काढलेला फोटो त्यापेक्षा कितीतरी चांगला.

७. रोमन अक्षरांची कुबडी

मराठी शब्दाखाली रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की पालकांना बरे वाटते, पण मूल देवनागरीकडे बघतच नाही. डोळा आपोआप सवयीच्या अक्षरांकडे जातो. शिवाय रोमनमध्ये ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांच्यात फरक राहत नाही. 'माल', 'माळ', 'मळ' आणि 'मल' हे चारही शब्द तिथे एकसारखेच लिहिले जातात. म्हणून आम्ही रोमन उच्चार कार्डाच्या मागच्या बाजूला ठेवतो. संगणकावर तो बोट लावल्यावरच दिसतो. ज्या घरांत आई किंवा बाबा मराठी नाहीत, त्यांना मात्र उच्चारांची वेगळी यादी देतो. त्यांच्या मदतीशिवाय अभ्यास होणारच नाही.

८. आवाज आणि हालचाल

छापील तक्त्यापेक्षा पडद्याचा खरा फायदा आवाजाचा. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांना वेगळी खूण नाही. 'चहा'तला च वेगळा, 'चमचा'तला वेगळा. 'हे जग सुंदर आहे' आणि 'तू सुखाने जग' यांतला 'जग' लिहायला एक, बोलायला दोन. हे रंगाने किंवा ठिपक्याने दाखवण्याचा प्रयत्न आम्ही करून पाहिला, पण मुले तो ठिपका लिहू लागली. आता प्रत्येक शब्दाशेजारी आवाजाची खूण असते. काही आवाज सुट्टीत इथे आलेल्या आजी-आजोबांचे आहेत. त्यांचा उपयोग मुलांपेक्षा घरच्यांना जास्त होतो, असे आता वाटते.

हालचाल मात्र जपून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी चित्र आणि शब्द एकत्र वापरून शिकवण्यावर अनेक वर्षे प्रयोग केले, २००१ मध्ये त्यांचे 'मल्टिमीडिया लर्निंग' हे पुस्तक आले. त्यांच्या निष्कर्षांतले दोन आपल्या कामाचे. धड्याशी संबंध नसलेले आवाज, चित्रे आणि मजकूर काढून टाकले की शिकणे सुधारते. आणि शब्द व त्याचे चित्र एकमेकांजवळ असावेत, दूर नसावेत. अक्षर कसे काढायचे हे दाखवणारी हालचाल उपयोगी आहे. प्रत्येक उत्तराला नाचणारा मोर आणि ढोलताशा उपयोगी नाही. मुले मोर बघण्यासाठी मुद्दाम भराभर उत्तरे देतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

९. कागद आणि फोन

भारतात, आखातात आणि ब्रिटनमध्ये ए-४ कागद वापरतात : २१० × २९७ मिलिमीटर. अमेरिकेत लेटर : २१६ × २७९ मिलिमीटर. तिकडून आलेला तक्ता इथे जसाच्या तसा छापला तर वरची किंवा खालची ओळ कापली जाऊ शकते. मराठीत वरची ओळ कापली म्हणजे शिरोरेषा आणि मात्राच गेल्या! तक्ता आखतानाच चारही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर समास सोडला तर तो दोन्ही कागदांवर निभावतो. पाठवताना पीडीएफ करावी आणि फॉन्ट तिच्यातच बंद करावा. मूळ फाइलही जपून ठेवावी, कारण पीडीएफमधून मराठी मजकूर परत उचलला तर तो बऱ्याचदा विस्कटतो.

फोनवरच्या खेळात बोट लावायची जागा मोठी हवी. ॲपलच्या मार्गदर्शनात ती किमान ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ४८ डीपी सांगितली आहे. बोट पूर्ण अक्षराला लागावे, नुसत्या उकाराला किंवा अनुस्वाराला नव्हे.

१०. हक्क आणि परवानगी

महाजालावर दिसणारे प्रत्येक चित्र फुकट नसते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकारांची नावे देऊन त्या छापता आणि वाटता येतात. बालभारतीची पुस्तके अभ्यासासाठी उतरवून घेता येतात, पण त्यांतली चित्रे काढून आपल्या संकेतस्थळावर लावायची तर परवानगी घ्यावी. आपल्याच मुलांचे फोटो वापरतानाही त्यांच्या पालकांना विचारावे आणि फोटोखाली मुलाचे नाव घालू नये.

छापण्यापूर्वी पाहण्याची यादी

- 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का?
- तपासणीची ओळ त्या साधनात नीट उमटते का?
- घ-ध, भ-म, ब-व हातभर अंतरावरून वेगळे दिसतात का?
- शिरोरेषा कुठे तुटली आहे का? ओळी एकमेकींत अडकल्या आहेत का?
- चित्राला एकच नाव आहे का, आणि ते मुलाला माहीत आहे का?
- रोमन उच्चार पुढे आला आहे का?
- एका मराठी वाचणाऱ्या मोठ्या माणसाने आणि एका लहान मुलाने तो तक्ता वाचून पाहिला आहे का?

ही शेवटची पायरी कधीही गाळू नये. आमच्या बहुतेक चुका कोणा ना कोणा आजोबांनी किंवा सात वर्षांच्या मुलांनी पकडल्या आहेत, आम्ही नव्हे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारेल. आम्ही सगळी कार्डे नव्याने छापली. ते करायला दोन शनिवार आणि बरीच शाई गेली. जुन्या कार्डांतला हिंदी वळणाचा 'ल' फेकून न देता तिसऱ्या पातळीवर ठेवला आहे, 'हेही ल असे लिहितात' असे सांगायला, कारण पुढे कधी हिंदी वाचताना तो भेटेलच. मुलीने आजीला उत्तर लिहिले. चार ओळींचे, दुरेघी कागदावर, आणि त्यात 'लाडक्या आजीस' मधला 'ल' दोन पाकळ्यांचा होता.

आपल्या शाळेत किंवा घरी आपण काही वेगळे करून पाहिले असेल तर आम्हाला जरूर कळवा. या लेखात काही चुकले असेल तर तेही सांगा, आम्ही दुरुस्त करू. ज्यांना हाताने चित्रे काढता येतात किंवा ज्यांचा आवाज स्पष्ट आहे अशा मंडळींची आम्हाला नेहमीच गरज असते.

कळावे, लोभ असावा.

मराठी शाळेच्या साहित्य गटातर्फे